पाणी सोडायची गोळी

औषधाच्या दुकानात एकतीस वर्षं उभं राहिलं की गुडघे जातात आणि विश्वास जातो. गुडघे फरशीमुळे जातात. विश्वास जातो तो ‘वेळेवर घेतो की गोळ्या’ या एका वाक्यामुळे. तीस दिवसांच्या गोळ्या घेऊन गेलेला माणूस दीड महिन्याने उगवायचा आणि शपथेवर सांगायचा की एकही चुकवलेली नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. तोही बघायचा. मग आम्ही दोघं उन्हाविषयी बोलायचो.

आमचं दुकान सांगलीत आणि वरच्या मजल्यावर मनाच्या विकारांचे डॉक्टर. जिना दुकानाला लागूनच. उतरणारा माणूस आधी रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही ना ते बघायचा आणि मग चिठ्ठी मुठीत धरून आमच्या काउंटरला यायचा. मी मालकीण नव्हते, पगारी फार्मासिस्ट होते. लोक ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायचे. पहिली दहा वर्षं मी त्यांना दुरुस्त केलं, पुढची एकवीस वर्षं नुसती ओ दिली.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमचे अविस्मरणीय रुग्ण’ असा विषय सुचवला होता. रुग्ण डॉक्टरांचे असतात, माझी ती गिऱ्हाइकं. आणि त्यांतलं सगळ्यात न विसरण्यासारखं गिऱ्हाईक म्हणजे एक माणूस नव्हता, अख्खं गाव होतं. ते गाव कवठे महांकाळ तालुक्यात आहे. नाव लिहीत नाही. तिथले लोक दिवाळी अंक वाचतात आणि त्यांच्याकडे माझा फोन नंबर आहे.

आधी त्या गोळीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एडीएचडी नावाचा एक प्रकार असतो. लक्ष एका जागी टिकत नाही. हातातलं काम अर्धं टाकून माणूस दुसऱ्याला हात घालतो, वस्तू हरवतो, वेळ विसरतो, त्याला एका जागी बसवत नाही. लोकांना वाटतं हे लहान मुलांचं दुखणं. मुलं मोठी होतात तेव्हा बऱ्याचदा तेही त्यांच्याबरोबर मोठं होतं, मिशा फुटतात, लग्न होतं, आणि मग त्याला दुखणं न म्हणता स्वभाव म्हणतात. त्यावरची काही औषधं इतकी जपून द्यायची असतात की ती कुलपाच्या कपाटात ठेवावी लागतात, त्यांची नोंदवही वेगळी असते आणि डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. आमच्याकडच्या त्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची.

आता यातली गंमत बघा. विसरणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून जी गोळी द्यायची, ती त्याने रोज न विसरता घ्यायची. चष्मा शोधायला आधी चष्मा घालावा लागतो, तसंच हे. म्हणून गोळी देताना ती राहिली तर काय करायचं हेही मी सांगायची. प्रत्येक औषधाचा नियम वेगळा असतो, तो आपापल्या डॉक्टरांनाच विचारावा. पण सकाळी घ्यायची आणि दिवसभर हळूहळू काम करणारी जी गोळी माझ्या हातून सगळ्यात जास्त गेली, तिचं असं होतं: राहिली आणि सकाळीच आठवली तर घ्या. दुपार झाली असेल तर आजचा दिवस सोडून द्या, नाहीतर झोप उडते. उद्या नेहमीच्या वेळी नेहमीची एक. आणि राहिलेली भरून काढायला दोन कधीही नाही. चार वाक्यांचं काम, पण ती चार वाक्यं ऐकून घ्यायला माणूस काउंटरपाशी थांबला पाहिजे ना.

एक प्राध्यापिका बाई थांबल्या होत्या, मान डोलावून गेल्याही होत्या. पण ‘रोज एक म्हणजे रोज एक’ हे त्यांच्या डोक्यात बसलेलं. संध्याकाळी सहाला आठवली, सहाला घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान तांबारलेले डोळे घेऊन दुकानात आले. “मॅडम, हिने स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून बाराखडीप्रमाणे लावलेत. कारळ्यांपासून हळदीपर्यंत. आईला मोहरी सापडत नाही आणि ही आता झोपली आहे, उठत नाही.” मी म्हटलं, एवढ्यावर भागलं असं समजा.

आता सर्जेराव. हा त्या गावचा पाणी सोडणारा माणूस, वय चाळिशीच्या आसपास. गावाला पाणी टाकीतून येतं आणि ते एका वेळी सगळ्यांना पुरत नाही, म्हणून आळीवार पाळी. आज खालची आळी, उद्या वरची, परवा मळ्याकडची. सर्जेरावने लोखंडी चावी घेऊन जायचं, रस्त्याकडेचा वॉल्व्ह उघडायचा आणि ठरल्या वेळी बंद करायचा. काम एवढंच. पण वॉल्व्ह उघडल्यावर वाटेत त्याला कुणाची तरी बंद पडलेली मोटारसायकल दिसायची. तो ती दुरुस्त करायला बसायचा. ती सुरू व्हायला आली की त्याला आठवायचं, शाळेचं फाटक वाकलंय. तोवर खालच्या आळीचं पाणी अंगणातून वाहत ओढ्याला लागायचं आणि टाकी रिकामी व्हायची. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतल्या बायका कोरड्या नळापुढे घागरी मांडून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करायच्या. पंचायतीने त्याला दोनदा लेखी समज दिली होती. तिसऱ्यांदा कामावरून काढणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

त्याचं निदान झालं तेही आडवळणाने. शाळेतल्या बाईंनी सांगितलं म्हणून तो आणि त्याची बायको रंजना मुलाला घेऊन आमच्या वरच्या डॉक्टरांकडे आले. मुलगा खुर्चीत शांत बसला. पाऊण तासात सर्जेराव चार वेळा उठला, पंख्याची धूळ पुसली आणि डॉक्टरांच्या बेसिनचा गळका नळ खिशातल्या पान्याने पक्का केला. डॉक्टर म्हणाले, मुलाचं नंतर बघू, आधी वडिलांना बसवा.

गोळी लागू पडली. वॉल्व्ह वेळेवर उघडायला लागले आणि मुख्य म्हणजे वेळेवर बंद व्हायला लागले. रंजना माझ्यासाठी पेढे घेऊन आली. पेढे डॉक्टरांना द्यायचे असतात, असं मी म्हटलं नाही. एकतीस वर्षांत आलेले पेढे बोटांवर मोजण्याइतके.

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास सर्जेराव दुकानात येऊन उभा राहिला. घामाने शर्ट चिकटलेला, डोळे विस्फारलेले.

“मॅडम, आजची आळी उरकली. साडेआठलाच! टाकी घासली. वॉल्व्हच्या झाकणांना रंग दिला. हितं यायच्या वाटंवर दोन मैलाचे दगडबी रंगिवले. आता काय करू?”

मी त्याची नाडी बघितली आणि त्याला हाताला धरून वर डॉक्टरांकडे नेलं. मागून एसटीने रंजना आली. मी विचारलं, “आज किती गोळ्या दिल्या?”

“दोन,” ती शांतपणे म्हणाली. “येक आजची आन येक खाड्याची.”

खाडा म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दूधवाला आला नाही, खाडा. कामवाली आली नाही, खाडा. रंजनाचे सोळा सोमवार चालू होते, आणि तिच्या घरच्या रीतीप्रमाणे त्यातला एखादा चुकला की शेवटी एक वाढवून फेडायचा. नवऱ्याच्या गोळीचंही तिने तसंच धरलं होतं. देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लाल पेनने फुल्या. गेल्या आठवड्यात दोन फुल्या पडल्या होत्या. एक तिने आज फेडली आणि दुसरी उद्या फेडणार होती.

“अगं, असं करायचं नसतं. राहिली ती राहिली.”

“आवं मॅडम, देवाचं ऱ्हायलं तर फेडावं लागतंय. मग डाक्टरचं तसंच बुडवायचं व्हय?”

मी तिला समजावलं. देव वाट बघतो, शरीर बघत नाही. कालची गोळी काल लागत होती, आज दोन घातल्या की काळीज पळायला लागतं. डॉक्टरांनी सर्जेरावला संध्याकाळपर्यंत खाटेवर झोपवून ठेवलं. म्हणजे तो झोपला नाही, पडून राहिला आणि खाटेचा सैल झालेला नट हाताने आवळत बसला. रंजनाला खरं दुःख त्याचं नव्हतं. एक खाडा आता कायमचा अंगावर राहणार, याने ती घरी जाईपर्यंत हळहळत होती.

इथवर चूक तिची होती. आता माझी सांगते.

गोळी विसरू नये म्हणून ती रोजच्या ठरलेल्या कामाला बांधायची, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. चहाला बांधा, दाढीला बांधा, पूजेला बांधा. सर्जेरावच्या चहाची वेळ ठरलेली नव्हती आणि दाढी तर एका गालाची करून तो कितीदा तरी बाहेर पडला होता. रोज न चुकता होणारी गोष्ट एकच, पहिला वॉल्व्ह. मी म्हटलं, “चावी हातात घेतली की गोळी. आठवड्याची डबी पंपघरातच ठेवा, चावीच्या पेटीत.” पंपघराला कुलूप असतं, म्हणून मला ते सुरक्षितही वाटलं. खरं सांगायचं तर मी स्वतःवर खूश होते. डॉक्टरांनाही कौतुकाने सांगून आले.

मी सांगलीत राहते. माझ्या घरी बटण दाबलं की दिवा लागतो. त्या गावात पंपाला काही दिवस सकाळी वीज असते आणि काही दिवस दुपारनंतर, हे मी त्याला विचारलंसुद्धा नाही. वीज चारला आली की पंप चारला, वॉल्व्ह चारला, आणि माझ्या हुकमाप्रमाणे गोळीही चारला. महिनाभर तो माणूस आठवड्यातून तीन दिवस झोपला नाही. सकाळी लोक उठून बघायचे तर जनावरांच्या हौदाला चुना लावलेला, नाहीतर देवळापुढच्या फरशीतलं गवत उपटलेलं. गाव खूश होतं. फक्त रंजनाने फोन केला, की ह्यांची गालफडं बसलीत, जेवत न्हाईत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडले, “वॉल्व्हचं सोडा, घड्याळ बघा! सकाळी आठला, घरी, बस!”

पण उशीर झाला होता. गावाने गोळीची आणि पाण्याची गाठ मारून टाकली होती, आणि ती सुटायला तयार नव्हती. डबी पंपघरातच राहिली, कारण ‘तिची जागा तीच’ असं सगळ्यांचं मत पडलं. ज्या आळीला पाणी हवं तिथल्या बायका सकाळीच येऊन विचारायच्या, “गोळी घेतली का रं सर्जा?” खालच्या आळीचं गणित मात्र उलटं. त्यांच्या पाळीच्या दिवशी तो गोळी विसरला तर वॉल्व्ह उघडाच राहणार आणि पाणी दुप्पट मिळणार. म्हणून त्या दिवशी खालच्या आळीतले पुढारी सर्जेरावला सकाळी सात वाजताच चहाला ओढून न्यायचे आणि गप्पांत दुपार करायचे. वरच्या आळीला याचा सुगावा लागला. त्यांनी पंपघरापाशी एक म्हातारा बसवला.

औषधाच्या दुकानातली पहिली शिस्त ही, की कुणाची गोळी कशाची हे तिसऱ्याला कळता कामा नये. एकतीस वर्षांत मी ते कुणाच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. आणि इथे माझ्या हुशारीपायी एका माणसाची गोळी गावच्या चव्हाट्यावर आली होती. याची मला लाज वाटते, अजूनही.

मग त्याच्या मेव्हणीचं लग्न निघालं, तिकडे दहिवडीला. सर्जेरावने दोन दिवसांची रजा टाकली आणि पंचायतीचा शिपाई हणमंत याला चार्ज दिला. हणमंत अठ्ठावन्न वर्षांचा, सावकाश बोलणारा, रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस. लग्नाच्या दिवशी सकाळी दहाला दुकानात फोन वाजला.

“मॅडम, मी हणमंत. सर्जाचा चार्ज घेतलाय.”

“बरं.”

“सकाळची गोळी घेतली. छातीत लय धडधडाय लागलंय. पयल्या दिशी असं व्हतंय का?”

“कुणी घेतली गोळी?”

“मीच. पाणी मीच सोडतोय न्हवं.”

“अहो, ती सर्जेरावची गोळी आहे!”

“व्हय, पर त्यो लग्नाला गेलाय.” त्याला माझ्या अकलेची कीव आली असावी. “चावी, शिट्टी, पाना, वही आन डबी. समदं मोजून घेतलंय, सही केलीया.”

मी सांगितलं, हातातलं काम टाका आणि आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात जा. ती डबी बरोबर न्या, रक्तदाबाचीही चिठ्ठी न्या. तो म्हणाला, “वरच्या आळीचा वॉल्व्ह बंद करून जाऊ का?” मी फोनवर अशी ओरडले की दुकानातली गिऱ्हाइकं दोन पावलं मागे सरली.

दवाखान्यातून फोन यायला दोन तास लागले, त्यांत मी काय काय देव आठवले ते लिहीत नाही. हणमंतला संध्याकाळी घरी सोडलं, काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं, आणि ते माझ्या त्या युक्तीमुळे झालं असतं. तिकडे सर्जेराव गोळीशिवायच लग्नात होता, कारण डबी चार्जात गेली होती. त्याला नवरदेवाला मंडपात घेऊन यायला पाठवलं होतं. वाटेत एका विहिरीवर इंजिन बंद पडलेलं दिसलं. शोधायला गेलेल्यांना तो इंजिन उघडून बसलेला सापडला आणि शेजारी नवरदेव पाना धरून उभा होता. मुहूर्त टळला नाही, पण हार घालताना नवरदेवाचे हात काळे होते.

चार दिवसांनी रंजनाचा फोन आला. “मॅडम, ह्यांची नोकरी जातीया. ग्रामसभा लावलीया. तुमी या.”

मी आयुष्यात कुठल्या सभेत बोलले नव्हते. तरी एसटी पकडून गेले. शाळेच्या पटांगणात सतरंज्या, टेबलामागे सरपंचबाई आणि ग्रामसेवक. वरच्या आळीचे सदस्य आबासाहेब बोलायला उभे होते. माणूस वाईट नव्हता, त्याच्या आळीने कोरडे नळ फार सोसले होते.

“गोळीवर चालणारा माणूस गावाला नगं,” ते म्हणाले. “उद्या गोळीच मिळाली न्हाई तर काय गावानं तान्हेलं ऱ्हायाचं? आन बदली माणसाला तर ती सोसतच न्हाई. मंग ह्ये पद चालायचं कसं?”

मी सर्जेरावला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलू का? तो म्हणाला, “बोला की. हणमंतानं घेतल्यापासनं काय लपून ऱ्हायलंय?”

मग मी उभी राहिले आणि माझी ती चार वाक्यं सांगितली. गोळी पाण्याची नाही, माणसाची आहे, हेही सांगितलं. मला वाटलं, झालं. तर प्रश्न सुरू झाले.

“एकादशीला चालती का?”

“चालते.”

“ऱ्हायलेली गोळी दोन भाग करून दोन दिस जोडून दिली तर?”

“नाही. ही तोडायची नाही, कुटायची नाही आणि जोडून द्यायची तर मुळीच नाही.”

“म्हंजी चार वाजता आठावली तर ती तशीच ठिवायची? त्या दिशी कुणीच घ्यायची न्हाई?”

“कुणीच नाही.”

यावर सभेत मोठी कुजबुज झाली. कुलपात ठेवावी लागणारी, दोन-दोन चिठ्ठ्यांवर मिळणारी वस्तू एखाद्या दिवशी कुणाच्याच पोटात जाणार नाही, हे लोकांना बघवेना. मागून कुणीतरी सुचवलं, की त्या दिवशी ती गोळी टाकीतच टाकावी, म्हणजे थोडी थोडी सगळ्यांना मिळेल. सरपंचबाईंनी त्याला खाली बसवलं.

हणमंतने साक्ष दिली. “मी येक दिस घेतली. मला कायबी फायदा न्हाई. पाणी मी आधीबी वेळंवरच सोडत हुतो.”

“झालं तर मग,” आबासाहेबांनी टेबलावर हात आपटला. “गोळी पाण्याची न्हवंच, तर पंचायतीनं ती कशापायी सांभाळायची? माणूस बदला.”

माझ्याच बोलण्याने सर्जेरावची नोकरी चालली होती. मी रंजनाकडे बघितलं. ती पदराचं टोक पिळत होती.

तेवढ्यात सर्जेराव उठला. त्या दिवशी त्याने आठ वाजता, घरी, एक घेतली होती. तो टेबलापाशी आला आणि जागचा हलला नाही.

“आबा, मी बोलतो. ह्या गोळीनं पाणी वेळंवर सुटतंय, त्ये खरं हाय. पर मी ती तेवढ्यासाठी घेत न्हाई. लगीन होऊन अठरा वर्सं झाली. ही रोज जेवताना काय तरी सांगायची. मला निम्मंच ऐकू यायचं आन मी उठून जायाचो. हिला वाटायचं, मला हिचं ऐकायचंच नसतंय. गोळी सुरू झाल्यावर येक दिस बसून हिचं समदं ऐकलं. हिचा बा कसा गेला, शेवटाला काय बोलला, त्ये. जाऊन चौदा वर्सं झाली त्याला. मी खांदा दिलाय. पर मला ह्यातलं कायबी म्हाईत न्हवतं.”

रंजनाने तोंड फिरवलं होतं.

“काम काढून घ्यायचं तर घ्या,” सर्जेराव म्हणाला. “पर गोळी माझी हाय. ती चार्जात न्हाई.”

आबासाहेब आवाज उतरवून म्हणाले, “आन ज्या दिशी घ्यायची ऱ्हाईल, त्या दिशी?”

“त्या दिशी मी सांगीन. लपवणार न्हाई. ज्या आळीची पाळी आसंल, त्यातलं कुणी तरी माझ्यासंगं हिंडा. वॉल्व्ह बंद करस्तवर मला सोडू नगा.”

वरच्या आळीतली एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, “आवं आबा, सांगतो म्हणतंय की लेकरू. आमच्या घरातली तर सांगतबी न्हाईत.” पहिल्यांदा बायका हसल्या, मग बाप्ये हसले, आणि शेवटी आबासाहेबांनाही हसू आवरेना.

सर्जेरावची नोकरी राहिली. ठराव ग्रामसेवकाने लिहिला. त्याची नक्कल मी मागून घेतली आहे आणि सगळ्या प्रमाणपत्रांत ती मला जास्त प्रिय आहे. त्यात म्हटलं आहे: ‘सदर गोळी ही संबंधित कर्मचाऱ्याची वैयक्तिक बाब असून ती पदासोबत हस्तांतरित होणार नाही. गोळी चुकल्यास ती भरून काढू नये व अन्य कोणीही सेवन करू नये.’ आमच्या अभ्यासाच्या पुस्तकांत हे इतकं स्वच्छ लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

डबी घरी गेली ती कायमची. रंजना आता फुल्या मारते, पण फेडत नाही. तिला ते जड जातं, असं ती म्हणते. मीही पुढे लवकरच निवृत्त झाले, कपाटाची किल्ली मालकांच्या हातात दिली आणि गुडघ्यांना शेक द्यायला घरी बसले.

मागच्या महिन्यात दुपारी फोन आला.

“मॅडम, सर्जेराव बोलतोय. आज सकाळची ऱ्हायली. आत्ता आठावली, पावणेचारला.”

“मग काय करायचं?”

“आज सोडायची. उद्या सकाळी येकच.”

“बरोबर. तुम्हाला तर पाठ आहे की. मग फोन कशाला केलात?”

“सांगायला,” तो म्हणाला. “रंजीला सांगितलं, आळीला सांगितलं. म्हटलं तुमालाबी सांगावं.”

मागे पाण्याचा आवाज येत होता, आणि त्यावरून आबासाहेबांचा, अगदी फोनजवळून: “सर्जा, ठेव त्यो फोन गड्या. येळ झाली.”

मी ‘बरं केलंत’ म्हणेपर्यंत त्याने फोन ठेवलाही होता.